नववा जोड

मी टेलिफोन खात्यात खड्डे खोदायचो. चार फूट खोल, दोन फूट रुंद, आणि दोरी लावल्यासारखा सरळ. मऊ मातीत एका माणसानं दिवसाला पंधरा फूट लांबी काढावी, मुरमात सहा. याहून कमी काढणारा कामचोर, आणि याहून जास्त सांगणारा खोटारडा. एकतीस वर्षं हेच केलं. आता ज्याच्याबद्दल सांगतोय तो माझ्या खड्ड्यात उतरून केबल जोडायचा. ते काम करणाऱ्याला जॉइंटर म्हणतात.

खात्यात त्याला सगळे कोरडे म्हणत. ते त्याचं आडनाव नव्हतं. जुन्या केबलमध्ये तांब्याची प्रत्येक तार कागदात गुंडाळलेली असते आणि वरून शिशाचं कवच असतं. कागद पाणी ओढतो. जोड उघडा असताना घामाचा एक थेंब आत पडला, तर पन्नास घरांचे फोन मुके होतात. म्हणून तो कपाळाला फडकं बांधायचा, हातांना राख चोळायचा आणि खड्ड्याच्या काठावर कुणाला बोलू द्यायचा नाही.

"तोंड बंद," म्हणायचा. "थुंकी उडते."

एका जोडात शंभर तारा. एकेक सोलायची, पिळायची, तिच्यावर कागदाची नळी चढवायची. मग उकळतं मेण ओतायचं. शेवटी शिशाची बाही चढवून तिची दोन्ही टोकं वितळलेल्या धातूनं, हातातल्या फडक्यानं पुसत पुसत बंद करायची. एकदा उघडलं की बंद करेपर्यंत उठता येत नाही. मी त्याला एका बैठकीत अकरा तास बसलेला पाहिलाय. उजव्या अंगठ्याला तर भाजून भाजून कातडी अशी उरलीच नव्हती.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "लग्नात याचा हात हातात घेतला तर वाटलं, कुणी लाकूडच दिलं. मी वर बघितलं, माणूस आहे ना म्हणून."

तो रडलेलाही कुणी पाहिला नव्हता. म्हणून कोरडे.

हे सगळं सांगायचं कारण त्याचा बाप. परक्यांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या गावात खाण, नदीपलीकडच्या गावातही खाण, दोन्हींचा मालक एकच. मधे सहाशे पावलं पाणी. पण तारा टाकल्या त्या खाणीपासून बंदरापर्यंत, छावणीपासून बंदरापर्यंत, कचेरीपासून बंदरापर्यंत. या काठावरून त्या काठावर फोन करायचा, तर आवाज एकशे साठ मैल बंदराला जायचा आणि तिथून एकशे साठ मैल परत यायचा. बंदरात त्यांचा माणूस कानाला यंत्र लावून बसलेला. आम्हाला वाटायचं, तार तशीच असते. पाणी जसं उताराला जातं, तशी तार बंदराला जाते.

दोन्ही खाणींच्या मजुरांनी एकाच दिवशी, एकाच वेळी काम बंद करायचं ठरवलं. इकडच्या एका कारकुनानं तिकडच्या कारकुनाला फोनवरून वेळ कळवली. दुपारी निरोप गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला माणसं खाणीच्या आवारात बसायच्या आधी शिपाई तिथं उभे होते. कोरडेचा बाप पहिल्या रांगेत होता. त्या तारेचा खड्डा त्यानंच खोदला होता. इकडचा आठ मैलांचा पट्टा, त्याच्या टोळीनं. त्याच तारेनं शिपाई बोलावले, आणि त्यांच्या हातून तो तिथंच गेला. पोरगा तेव्हा नऊ वर्षांचा होता.

चार वर्षांनी परके गेले. जाताना केबलचे सगळे नकाशे पेटीत घालून घेऊन गेले. तारा आमच्या झाल्या, वाट त्यांचीच राहिली. पंचवीस वर्षं आमचं स्वतःचं खातं या काठाचा आवाज बंदराला नेऊन त्या काठाला आणत होतं. कोरडेनं सरळ लाईन मागितली. राजधानीतून उत्तर आलं, 'मागणी नाही.' का, तर दोन गावांमध्ये फोनच होत नाहीत. होतील कसे? सहाशे पावलांसाठी ट्रंक कॉल लावून कोण दोन तास बसेल? माणूस होडीनं जाऊन येतो तेवढ्यात.

मग त्यानं चोरून टाकली. चाळीस वर्षं झाली त्याला. आमचा इंजिनियर भला माणूस, त्यानं कागदावर 'दुरुस्ती' असं लिहिलं आणि डोळे मिटले. भांडारात उरलेसुरले तुकडे होते, कुठला दोनशे पावलांचा, कुठला दीडशे. त्यांचीच केबल केली. तुकडे म्हणून जोड जास्त: नऊ या काठावर, दोन त्या काठावर. नदीखालून जाड चिलखती केबल, बंदरासाठी आलेली आणि वाट चुकून आमच्याकडे राहिलेली. सात महिने लागले. नेमून दिलेलं काम संपवून, उरलेल्या वेळात. पगार त्याचा नाही, शाबासकी नाही.

ज्या दिवशी लाईन लागली, त्या दिवशी तिकडच्या दवाखान्यातून इकडच्या दवाखान्यात पहिला फोन आला. तिकडचा कंपाउंडर ओरडला, "ऐकू येतंय का?"

कोरडे म्हणाला, "ओरडू नको. समोरच आहेस."

दोन वर्षांनी त्याला मुलगी झाली. उशिरा झाली. मी कोरडेला दादा म्हणायचो. आम्ही म्हणायचो, दादाला दोन पोरी, एक मातीखाली आणि एक मातीवर. मातीवरचीला तो चिमी म्हणायचा.

आता त्याची चूक सांगतो. परक्या साहेबाची एक पद्धत होती. मोठी केबल टाकायची तर तीन टोळ्या लावायच्या, आणि प्रत्येकीला फक्त आपला तुकडा दाखवायचा. सगळी वाट एकट्या साहेबाला माहीत. कोरडेनं हेच केलं. पहिले चार जोड माझ्या टोळीचे, पाच ते सात दुसरीचे, आठ आणि नऊ तिसरीचे. वाटही मुद्दाम वाकडी नेली. नकाशा काढला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "कागदावर आलं की काढायला लावतील. आज आपले आहेत, उद्या कोण येईल सांगता येतं का?"

"मला तरी सांग."

"तुला सांगितलं की तू कुठंतरी बोलून बसशील."

मी बोललो नसतो. पण पुन्हा विचारलंही नाही. माझाही मान होता.

वर्षं गेली. मी निवृत्त झालो, तोही झाला. मोबाईल आले आणि केबलची गरज संपली. मग सरकारनं सगळंच एका बाहेरच्या कंपनीला दिलं. फोन तिचे, दवाखान्याचे कागद तिच्याकडे, पोलिसांचं वायरलेस तिच्या खोलीतून, होडीचं तिकीटही तिच्याच पडद्यावर. यंत्रं सगळी समुद्रापलीकडे. आमच्या हातात फक्त काच.

कंपनीचा साहेब गावात आला तेव्हा लोकांना गोळा करून समजावत होता. आमच्यातलाच होता, गोड बोलायचा. कोरडेनं हात वर करून विचारलं, "इथून नदीपलीकडे निरोप पाठवला, तर तो जातो कुठून?"

"काका, तो जातो आमच्या केंद्रात. सहा हजार मैलांवर. आणि परत येतो."

"पूर्वी एकशे साठ जायचा. प्रगती आहे."

लोक हसले. साहेबही हसला. "पण एका सेकंदात जातो, काका!"

"शिपाईसुद्धा लवकरच आले होते," कोरडे म्हणाला. हे कुणाला कळलं नाही. मला कळलं.

तो गप्प बसला नाही. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना भेटला, आणि कंपाउंडरच्या खोलीत एक जुना हातानं फिरवायचा फोन ठेवून घेतला. दुसरा तसाच फोन नदीपलीकडच्या आरोग्य केंद्रात. तिथं चिमी नर्स होती. तिनं तो औषधांच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवला होता. "बाबांचं खेळणं," म्हणायची. दर वर्षी कोरडे होडीनं जाऊन त्याचे सेल बदलायचा. पन्नासपैकी एक जोडी तारा त्यानं अशी जिवंत ठेवली होती.

गेल्या वर्षी कंपनीनं जुनं तांबं काढायला ठेकेदार पाठवला. त्याचं यंत्र एक्सचेंजपासून केबल उपटत निघालं. तीन दिवसांत चार जोड खाल्ले, म्हणजे माझं सात आठवड्यांचं काम. पाचव्या जोडाशी कोरडे यंत्रासमोर उभा राहिला.

ठेकेदार म्हणाला, "बाबा, बाजूला व्हा. पुढची वाट सांगा, तुम्हालाही चहापाणी करू."

"वाट सांगणार नाही."

"मग आम्ही शोधू."

यंत्रानं हिसका दिला. केबल पाचव्या जोडापाशी तुटली. पुढं ती जिकडं वळली होती तिकडं त्यांना सापडली नाही, म्हणून त्यांनी खड्डा तसाच उघडा टाकला आणि निघून गेले. कोरडे तुटक्या टोकाशी खाली बसला. उठवायला गेलो तर उजवं अंग लुळं पडलेलं. वाचाही गेली.

त्यानंतर आठ दिवस पाऊस लागला. नदी फुगली, होडी बंद. पूल नऊ मैल खाली, आणि पुलापलीकडचा रस्ता पाण्याखाली. चिमीला नववा महिना होता. जावई जहाजावर, चार महिने बाहेर. तिच्या पायांना सूज होती, डोकं दुखत होतं. डॉक्टरीणबाई रोज पडद्यावर तिचा रक्तदाब बघायच्या आणि काय घ्यायचं ते सांगायच्या. त्यांनी वहिनीला स्पष्ट सांगितलं होतं, "झटके येऊ शकतात. आले तर एकच इंजेक्शन आहे. ते तिकडच्या कपाटात आहे. मी लक्ष ठेवून आहे."

नवव्या दिवशी सकाळी सगळे पडदे काळे झाले. समुद्रापलीकडच्या सरकारचं आणि आमच्या सरकारचं कशावरून तरी वाजलं होतं. कशावरून ते आजही मला नीट माहीत नाही. तिथून कुणीतरी एक कळ दाबली आणि आमच्या देशाचं कंपनीतलं खातं बंद. फोन मुके, पोलिसांचं वायरलेस मुकं. दवाखान्यातल्या पडद्यावर एकच ओळ, तीही त्यांच्या भाषेत. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथं सगळं ओलंच होतं.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून एक माणूस पुलाकडून पाठवला. तो पोचायला दुसरा दिवस उजाडणार होता. त्यांना शेवटचा दिसलेला आकडा वाईट होता. त्या आमच्या दारात आल्या आणि मला म्हणाल्या, "काका, ती तार..."

"तुटलीय," मी म्हणालो.

तरी पहार आणि फावडं घेतलं. माझ्या टोळीतले दोघं अजून आहेत, त्यांना हाक मारली. एकाला दम्याचा त्रास, दुसऱ्याचा गुडघा गेलेला. मी एक्काहत्तर. तिघांत मिळून एक धड माणूस.

पाचव्या जोडाशी गेलो. तुटलं टोक खड्ड्यातल्या पाण्यात बुडालेलं होतं. वर काढून कापलं तर कागद लगद्यासारखा निघाला. पाच हात मागं कापलं, तरी ओला. आठ दिवस कागदानं पाणी ओढलं होतं. तिथं दवाखान्यातला जुना फोन जोडून फिरवला. मेलेला.

पण मला एक माहीत होतं. नदीच्या तोंडाशी जो शेवटचा जोड असतो, त्यात जॉइंटर मेणाचा बांध घालतो, म्हणजे या बाजूचं पाणी त्या बाजूला जात नाही. नवव्या जोडाच्या पलीकडं केबल कोरडी असणार. तो जोड उघडायचा, पलीकडच्या तारा सोडवायच्या, आणि तिथंच काठावर फोन लावायचा. काठाजवळची जमीन पाण्याखाली होती, म्हणजे केबल नदीकडून शोधत येणं शक्य नव्हतं. पाचव्या जोडापासून खणत जायचं, तर साडेआठशे पावलं. तीन म्हाताऱ्यांना अडीच महिने.

नववा कुठं आहे ते एकालाच ठाऊक. तिसऱ्या टोळीतलं कुणी उरलेलं नव्हतं.

दहा वाजता त्याच्या खाटेशी बसलो. खोलीत तो आणि मी. वहिनी नदीवर गेली होती, त्या काठाकडं बघत उभी राहायला. मी त्याला सगळं सांगितलं. काळे पडलेले पडदे, चिमीचा आकडा. तो छताकडं बघत ऐकत होता. डावा हात चादरीवर होता.

"दादा, नववा कुठं आहे ते सांग. हो म्हणायचं तर एकदा बोट आपट, नाही तर दोनदा. होडीच्या धक्क्याच्या वरच्या अंगाला?"

एकदा.

"रस्त्याच्या कडेला?"

दोनदा.

"आत? किती? शंभर पावलं?"

एकदा.

"कशाजवळ? झाड? भिंत?"

दोनदा. दोनदा. मग तो बोटानं चादरीवर काढू लागला. एक चौकोन, त्यात फुली. पुन्हा चौकोन, पुन्हा फुली. घशातून आवाज निघत होता, पण शब्द होईना. मी कागद आणि कोळसा दिला. डाव्या हातानं त्यानं तेच काढलं. चौकोन वाकडा आला, फुली बाहेर गेली.

धक्क्याच्या वर, आत शंभर पावलांवर, चौकोनी काय आहे? पंपघर. चौकोनी इमारत, दारावर लोखंडी पट्ट्यांची फुली.

"पंपघर?" मी विचारलं.

त्यानं बोट आपटलं. एकदा. मग थोड्या वेळानं आणखी एकदा. मी पहिल्याला 'हो' समजून उठलो होतो. दुसरं बोट मी पाहिलं, पण थकून हात पडला असं वाटलं.

पंपघराशी मुरूम होता. एकजण पहार मारणार, एकजण माती वर टाकणार, तिसरा दम खाणार, असं आळीपाळीनं. दोन तास दहा मिनिटं. चार फूट गेलो, पाच फूट गेलो. चारी बाजूंना पहार घालून बघितली. काही नाही. हाताचे फोड फुटले होते. फुकट गेलेला खड्डा मी आयुष्यात फार थोडे खोदलेत. हा सगळ्यांत महाग.

एकच्या सुमाराला परत त्याच्याकडं गेलो तर वहिनी आली होती. तो कागद तिच्या हातात होता.

"हे कुणी काढलं?"

"दादानं. पंपघर नाही निघालं."

"पंपघर?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी खाली बघितलं. "भावजी, हा वजनकाटा आहे. खाणीचा जुना वजनकाटा. लोखंडी चौकोन, त्यावर अशा दोन पट्ट्या होत्या. याचा बाप तिथं बसला होता. तिथंच पडला. वर्षातून एकदा हा जाऊन उभा राहायचा तिथं. मला वाटायचं, बापासाठी जातो."

मग ती नवऱ्याकडं वळली. "आयुष्यभर तोंड उघडता आलं असतं, तेव्हा उघडलं नाहीस. तीस शब्द होते रे. तीस शब्द पुरले असते."

त्यानं एकदा बोट आपटलं.

वजनकाटा उपटून नेऊन बत्तीस वर्षं झाली. जागा वहिनीनं दाखवली. तिथं आता नुसतं गवत. माती मऊ होती. पूर्वी एकदा खोदलेली जमीन फावड्याला कळते, ती वेगळी पडते. मी पहिल्या फावड्यालाच म्हणालो, "इथंच." तिघांनी बोलणं बंद केलं. वहिनीनं पदर खोचला आणि घमेलं उचललं. डॉक्टरीणबाई जुना फोन छातीशी धरून काठावर उभ्या.

अडीच वाजून गेल्यावर पहार शिशावर वाजली. मी वर बघून म्हणालो, "कुणी बोलू नका आता." हात पुसले. बरोबर आणलेली चुलीतली राख चोळली. बाही कापायला मला चाळीस मिनिटं लागली. तो असता तर दहा लागली असती. मी ते काम कधी केलेलं नव्हतं, नुसतं एकतीस वर्षं वरून बघितलं होतं.

आतलं मेण पिवळं, कालच ओतल्यासारखं. ते खरवडलं. तारांचे जुडगे नीट बांधलेले, एकही थेंब नाही. चाळीस वर्षं मातीखाली, आणि कागद पापडासारखा कुरकुरीत. जॉइंटर लोकांची रीत आहे, जोड बंद करताना आत एक चिठ्ठी ठेवायची, नाव आणि तारीख. याच्या चिठ्ठीवर नाव नव्हतं. बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पहिली जोडी दवाखान्याची, पांढरा दोरा बांधलाय. तिला तोडू नये. उघडणाऱ्यानं हात कोरडे करावेत.' आणि खाली अकराच्या अकरा जोडांची वाट, पावलं मोजून.

सगळं लिहून ठेवलं होतं त्यानं. जिथं फक्त आधीच वाट माहीत असलेला माणूस वाचू शकेल, तिथं.

पांढऱ्या दोऱ्याच्या तारा सोडवून फोन लावला. दांडी फिरवली. बोटांना भार लागला, म्हणजे पलीकडं घंटी वाजत होती. बंद कपाटात, खालच्या कप्प्यात. फिरवत राहिलो. खांदा भरून आला तेव्हा वहिनीनं दांडी घेतली. सहा मिनिटं झाली असतील.

कुणीतरी उचललं. डॉक्टरीणबाईंनी फोन कानाला लावला, पण आवाज इतका स्वच्छ होता की खड्ड्यात मलाही ऐकू येत होता. केंद्रातली मदतनीस बाई होती.

"कोण? कोण बोलतंय? कपाट वाजत होतं हो... मी म्हटलं काय वाजतंय..."

"मी डॉक्टर. नर्सताई कशा आहेत? झटके आले का?"

"बाराला मुलगी झाली. चांगली रडली. ताई हसल्यासुद्धा. मग झटके सुरू झाले. एकामागून एक." बाई श्वास घेत होती. "मी बाटली काढली. हीच आहे हे ताईंनी मागं एकदा दाखवलं होतं. हातात धरून बसले. किती द्यायचं ते माहीत नव्हतं. भिंतीवर तक्ता होता पूर्वी, पडदा लावला तेव्हा काढला ना. पडदा काळा. बाटलीवरचं परक्या भाषेतलं वाचता येईना. जास्त दिलं तर मरतील म्हणून... मी धरूनच बसले, बाई. अडीचला गेल्या. बाटली अजून माझ्या हातात आहे."

तेव्हा साडेतीन वाजले होते.

डॉक्टरीणबाई आवाज घट्ट करून बाळाबद्दल विचारायला लागल्या. रंग कसा आहे, नाळ नीट बांधली का, अंगावर काय घातलंय, दूध कशानं पाजायचं, किती थेंब. बाई एकेक गोष्ट परत म्हणून दाखवत होती. वहिनी खड्ड्याच्या काठावर बसली होती. तिनं फोन मागितला नाही. तिला मागून बाळाचा आवाज ऐकू येत होता. तिनं नुसता कान त्या बाजूला केला.

एकशे तीस मिनिटं मी पंपघराशी घालवली. हिशेब मीच करतो, दुसरं कुणी करत नाही. जिवंत केबलपर्यंत पोचायला साडेतीन तास पुरले असते. साडेपाच लागले.

त्याला सांगायला मीच गेलो. तोंडातून शब्द निघायच्या आधी त्यानं बोट उचललं. विचारत होता. मी दोनदा आपटलं. मग म्हणालो, "मुलगी झालीय तिला. ती आहे." तो बघत राहिला. रडला नाही. डाव्या हातानं चादर पिळली, तारा पिळायचा तशी, उजवीकडून डावीकडे, बारीक, आणि कितीतरी वेळ पिळत राहिला.

तिसऱ्या दिवशी होडी सुरू झाली. आठव्या दिवशी पडदे पुन्हा लागले. कसे बंद झाले तसेच, कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. कंपनीचा साहेब पुन्हा आला. म्हणाला, पुन्हा असं होणार नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याच्यासमोरच खिळा ठोकून तक्ता भिंतीला लावला, हातानं लिहिलेला, आमच्या भाषेत. दुसरा त्या काठाला पाठवला.

बाळ आता वहिनीकडं आहे. कोरडे अजून खाटेवर आहे. सुधारणार नाही असं डॉक्टरीणबाई म्हणतात. रोज सकाळी मी जातो, कागद पुढं धरतो. तो डाव्या हातानं काढतो. कुठली तार कशी सोलायची, मेण किती तापवायचं, धातू कधी पुसायचा. रेघा वाकड्या येतात. मला न कळलेलं मी पुन्हा विचारतो, कळेपर्यंत. एखाद्या दिवशी एकच रेघ होते. चौदा महिन्यांत मी तीन प्रकारचे जोड शिकलो. मोडक्या पट्ट्यावर दोन केलेत. पहिल्यात पाणी शिरलं. दुसरा धरून आहे.

वाटेवर आम्ही दगड पुरलेत, पांढरे रंगवून, कुणालाही दिसतील असे. ठेकेदाराला दिसतील, चोराला दिसतील. दिसू देत. त्यानं जमिनीत पुरून ठेवलेल्या चिठ्ठीतला, या काठावर शाबूत उरलेल्या जोडांचा भाग मी इथं उतरवतो, म्हणजे कुणाला कुणाच्या खाटेशी बसून बोटं मोजावी लागू नयेत.

सहावा जोड: शाळेच्या मागच्या कोपऱ्यापासून नदीकडं एक्काहत्तर पावलं. सातवा: तिथून डावीकडं दीडशे, विहिरीच्या अलीकडं. आठवा: विहिरीपासून धक्क्याच्या रोखानं दोनशे बारा. नववा: धक्क्याच्या वरच्या पायरीपासून सरळ आत शंभर, मग उजवीकडं नऊ. जुन्या वजनकाट्याची जागा. चार फूट खोल. माती मऊ आहे, एका माणसाला दीड तास पुरे.

पांढऱ्या दोऱ्याची जोडी दवाखान्याची. उघडण्याआधी हात कोरडे करा.